थांबलेल्या गाडीचा दिवा

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण आणि बरड मागे टाकून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुते, सदाशिवनगर, माळशिरस, वेळापूर अशी वाट धरून पंढरीकडे मार्गस्थ होते. आषाढात हा रस्ता वारकऱ्यांचा असतो. पुढे गाळपाचा हंगाम सुरू झाला, की तोच रस्ता उसाने ओथंबलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा, बैलगाड्यांचा आणि मालमोटारींचा होतो. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसविण्यात आली. दिवेघाटापासून मोहोळपर्यंतचा सुमारे २२१ किलोमीटरचा हा मार्ग रुंद व्हावा आणि त्याच्या दोन्ही अंगांस पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट असावी, अशी ती योजना. रस्ता रुंद झाला, म्हणजे त्यावरचा वेग वाढला. आणि ताशी ऐंशी किलोमीटरने धावणारी मोटार व बैलाच्या पावलाने चालणारी उसाची गाडी ज्या रस्त्यावर एकाच अंधारात एकामागोमाग असतात, त्या रस्त्यावर अपघाताची तजवीज आधीच करून ठेवणे हे शहाणपणाचे ठरते.

अपघात का होतात, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु अपघात घडून गेल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात त्या जागेवर जे चालते, म्हणजे रुग्णवाहिका येते, पोलिसांची गाडी येते, प्रसंगी आगीचा बंब येतो, त्यांचे सायरन वाजतात, माथ्यावरचे दिवे फिरतात, आणि या साऱ्या गलबल्यात जखमींना बाहेर काढण्याचे काम होते, त्याविषयी फारसा विचार झालेला दिसत नाही. हा विचार करण्याजोगा आहे, याचे कारण असे, की ज्या दिव्याने आणि ज्या आवाजाने मदत वेळेवर पोहोचते, तोच दिवा आणि तोच आवाज घटनास्थळी विवेकाने वापरला नाही, तर मदतीस आलेल्यांवरच दुसरे संकट ओढवू शकते.

प्रथम हा दिवा व सायरन वापरण्याचा अधिकार कोणाला व कशासाठी दिलेला आहे, ते पाहू. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकाची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत प्रगत जीवरक्षक साधने होती आणि ७०४ गाड्यांत प्राथमिक. प्रत्येक गाडीबरोबर डॉक्टर असतो, आणि चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. ‘एकशे आठला फोन लाव’ हे वाक्य आता माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवस्तीवर कोणी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने गंभीर इजेनंतरच्या पहिल्या एका तासाला ‘सुवर्णकाळ’ म्हणून कायद्यात स्थान दिले, कारण तत्पर उपचाराने प्राण वाचण्याचा संभव त्या तासात सर्वाधिक असतो. त्याच दुरुस्तीतल्या कलम १९४ ई अन्वये रुग्णवाहिकेस, बंबास किंवा अशा अन्य गाडीस वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी या गाड्यांच्या चालकांना, त्या खरोखरच कामगिरीवर असतील आणि त्यांचा सायरन व दिवा चालू असेल तर, तांबडा सिग्नल ओलांडण्याची व वेगमर्यादा मोडण्याची मुभा दिली आहे. मात्र ही मुभा योग्य ती काळजी घेण्याच्या शर्तीने बांधलेली आहे. ती बेपर्वाईची सनद नव्हे.

माथ्यावरच्या दिव्याचा आपल्याकडचा इतिहास तर फार बोलका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतल्या १०८व्या नियमात एके काळी मान्यवरांच्या तांबड्या दिव्यांचाच पसारा मोठा होता. रुग्णवाहिकेसाठी जांभळ्या काचेतून लुकलुकणारा तांबडा दिवा एवढीच काय ती सोय होती. जिल्ह्याच्या गावी लाल दिव्याची गाडी म्हणजे साहेबांची गाडी, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या दृढ झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये या दिव्यांवर मर्यादा घातली, आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने ते मान्यवरांच्या गाड्यांवरून उतरवूनच टाकले. आग विझविणे, कायदा व सुव्यवस्था राखणे, भूकंप-पूर-दरड यांसारख्या आपत्तींचे निवारण करणे, अशा कामासाठी नेमलेल्या गाड्यांना तांबडा, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा कामगिरीवर असताना लावता येईल, असे तेव्हा ठरले. अर्थात दिवा अधिकाराचा राहिला नाही, तो गरजेचा झाला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत रस्त्यावर झालेल्या सुधारणांपैकी ही एक मोलाची सुधारणा होय.

आता सायरनकडे वळू. त्याचा आवाज कानठळ्या बसविणारा असला, तरी त्याची पोच आपण समजतो तेवढी नसते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. त्यात सायरनचे तोंड पुढे असते, त्यामुळे आडव्या रस्त्याने येणाऱ्याला तो उशिरा ऐकू येतो. आणि काचा चढवून, थंड हवेचे यंत्र व गाणी लावून बसलेल्या मोटारवाल्याला तो गाडी अगदी पाठीशी येईपर्यंत कित्येकदा कळतही नाही. रुग्णवाहिकेचा वेग जितका अधिक, तितका ऐकणाऱ्याला मिळणारा अवधी थोडा, कारण ताशी ऐंशी किलोमीटरने धावणारी गाडी दर सेकंदाला बावीस मीटर पुढे सरकते. म्हणूनच जाणते पायलट चौकात येताना सायरनचा सूर बदलतात. लांबलचक चढ-उताराचा हेल सोडून आखूड, तुटक हेल लावतात, कारण बदललेला आवाज कानाला चटकन जाणवतो. एवढे करूनही ते वेग उतरवतात, कारण सायरन वाजवला म्हणजे वाट मिळालीच, असे गृहीत धरणाऱ्या चालकाचीच गाडी चौकात सापडते.

वाट देण्याच्या बाबतीत वारकऱ्यांचा शिरस्ता मात्र पाहण्यासारखा आहे. पालखी माळशिरस तालुक्यातून जात असते, रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत माणसांनी भरलेला असतो, टाळ-मृदंगाचा घोष चाललेला असतो, आणि मागून रुग्णवाहिका येते. त्या घोषापुढे सायरनचे काही चालत नाही. परंतु मागच्या ओळीतल्या कोणाच्या तरी नजरेस तो फिरता दिवा पडतो, ‘माऊली, वाट द्या’ अशी हाक एका ओळीतून पुढच्या ओळीत जाते, आणि दिंडी मधोमध दुभंगून गाडीपुरती वाट करून देते. गाडी पुढे गेली, की ओळी पुन्हा जुळतात. अभंग कोठे थांबलेला नसतो. तिथे गाडी माणसाच्या चालीने जाते, आणि दिव्याचे काम माणसे एकमेकांना सांगून पूर्ण करतात.

हे सर्व झाले चालत्या गाडीचे. खरा प्रश्न गाडी थांबल्यावर सुरू होतो.

धावणारी रुग्णवाहिका आपल्या दिव्याने आणि आवाजाने लोकांना सांगते, की बाजूस व्हा, मला जाऊ द्या. तीच गाडी अपघाताच्या जागी उभी राहिली, की तिला सांगायचे असते ते निराळेच: वेग उतरवा, येथे रस्त्यावर माणसे आहेत. हे दोन निरोप भिन्न आहेत, आणि भिन्न निरोपांसाठी एकच दिवा, त्याच तेजाने, त्याच लयीत लावून ठेवणे ही आपल्याकडची सर्रास चालणारी चूक आहे. अमेरिकेत बंबांच्या बांधणीविषयीच्या मानकांनी हा भेद फार पूर्वीच ओळखला. तेथील बंबांच्या दिव्यांना दोन अवस्था दिलेल्या असतात, एक वाट मागण्याची आणि एक वाट अडवून उभे राहण्याची, आणि दुसऱ्या अवस्थेत लखलखते पांढरे दिवे आपोआप बंद होतात. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या गाडीच्या पाठीमागचे तांबडे लुकलुकते दिवे उभ्या गाडीसाठी राखलेले असतात, म्हणजे मागून येणाऱ्याला गाडी उभी आहे हे दुरूनच उमगते.

पांढऱ्या दिव्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. रात्रीच्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात. त्यांवर एकाएकी प्रखर झोत पडला, की डोळे दिपतात आणि पूर्ववत दिसू लागण्यास काही सेकंद जातात. वय जितके अधिक, तितका हा काळ लांबतो. ताशी ऐंशी किलोमीटरने येणारा चालक पाच सेकंद नीट पाहू शकला नाही, तर तेवढ्यात त्याची गाडी एकशे दहा मीटर पुढे आलेली असते. त्या प्रखर झोतांच्या मध्ये, गडद कपड्यांत वाकून स्ट्रेचर उचलणारा माणूस त्याला दिसतच नाही. दिसतो तो केवळ प्रकाशाचा गोळा. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली या दिव्यांची दिवसा व रात्री परीक्षा केली. दिवसा दिवा जितका प्रखर, तितका तो लौकर दिसतो. रात्री मात्र प्रखरता वाढवून होणारा लाभ अगदी थोडा, आणि रंगांमध्ये निळा दोन्ही वेळी चांगला, असे त्यांना आढळले. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना निळा रंग तांबड्याहून अधिक उजळ भासतो, हे बोहेमियाच्या पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवून ठेवले होते. तात्पर्य, दिवसा दिव्याचे तेज वाढवावे आणि रात्री ते उतरवावे. नव्या धाटणीच्या दिव्यांत तशी सोय करता येते. ज्या गाड्यांत ती नाही, तेथे निदान घटनास्थळी गाडीचे पुढचे मुख्य दिवे समोरच्या वाहनचालकांच्या डोळ्यांत न जातील, एवढे तरी पाहता येते.

घटनास्थळी सायरन चालू ठेवण्याचे तर काहीच प्रयोजन नसते. गाडी थांबल्यावरही वाजत राहिलेला सायरन डॉक्टरला जखमीच्या छातीतला आवाज ऐकू देत नाही, वायरलेसवरचा संदेश कळू देत नाही, आणि चिरडलेल्या मोटारीत अडकलेला माणूस क्षीण आवाजात काय सांगतो, तेही बुडवून टाकतो. जखमीची भीती वाढते, नातेवाइकांचा धीर सुटतो, आणि आसपासच्या वस्तीवरचे लोक आवाजाच्या रोखाने धावत येऊन रस्त्यावरची गर्दी दुप्पट करतात. अग्निशमनाच्या दलात ‘वर्दी’ मिळाल्यापासून जागेवर पोहोचेपर्यंत घंटा किंवा सायरन. जागेवर पोहोचल्यावर मुखाने आणि हाताच्या खुणेने हुकूम. हीच रीत सर्वांनी अनुसरावी, अशी आहे.

हा विचार केवळ पुस्तकी नाही, याची साक्ष मुंबईने दिलेली आहे. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दसऱ्याच्या पहाटे तीनच्या सुमारास, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आधी एक अपघात झाला. त्यातील जखमींना नेण्यासाठी रुग्णवाहिका आली, सेतूवरचे कर्मचारी मदतीस धावले, काही गाड्या तेथे थांबल्या. आणि भरधाव आलेली एक मोटार त्या उभ्या गाड्यांवर व रुग्णवाहिकेवर येऊन आदळली. पाच माणसे मृत्युमुखी पडली, आणि मदतीस आलेले सेतूचे कर्मचारीही त्यांत होते. पुढच्याच वर्षी, २० जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, अहमदाबादेत इस्कॉन उड्डाणपुलावर एक जीपगाडी डंपरवर आदळली म्हणून लोक जमले, पोलीस व होमगार्ड पोहोचले, आणि त्या जमावात एक आलिशान मोटार अनिर्बंध वेगाने घुसली. नऊ जण गेले; त्यांत कर्तव्यावर असलेला पोलीस शिपाई आणि होमगार्डचा जवानही होता. दोन्ही ठिकाणी पहिल्या अपघातापेक्षा दुसरा भयंकर ठरला. दोन्ही ठिकाणी मूळ दोष बेफाम चालकाचाच, यात शंका नाही. तथापि असा चालक पुन्हा येणारच, हे धरूनच मदतकार्याची आखणी करावयास हवी.

ही आखणी कशी करावी, याचे उत्तर दिव्यापेक्षा गाडी उभी करण्यात अधिक आहे. जगभरच्या अग्निशमन दलांचा आता रूढ झालेला प्रघात असा, की पहिली जड गाडी अपघाताच्या अलीकडे, वाहतुकीच्या बाजूस, किंचित तिरकी उभी करावी, म्हणजे कोणी येऊन आदळलाच तर आघात ती गाडी झेलते आणि तिच्या आडोशाला माणसे सुरक्षित राहतात. रुग्णवाहिका तिच्या पुढे, आडोशात. गाडीच्या पाठीवर तांबड्या-पिवळ्या तिरकस परावर्तक पट्ट्या असाव्यात, कारण त्या पट्ट्या येणाऱ्याच्या दिव्याने उजळतात आणि त्याचे डोळे दिपवीत नाहीत. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या अंगावर चमकते जाकीट असावे. शंकू मांडायचे ते अपघाताच्या पायाशी नव्हे. चालकाला विचार करण्यास व थांबण्यास जागा मिळेल, इतके मागे. ताशी ऐंशीच्या वेगात कोरड्या रस्त्यावर मोटार थांबण्यासच सत्तर मीटरच्या आसपास अंतर लागते, भरलेल्या मालमोटारीला त्याहून पुष्कळ अधिक.

माळशिरसच्या परिसरात हिवाळ्याच्या रात्री ट्रॉली उलटते तेव्हा काय होते, ते डोळ्यांपुढे आणावे. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या. मागचीचे चाक खचते, ऊस अर्ध्या रस्त्यावर पसरतो. धुराळा आणि धुके एकत्र मिसळलेले. ट्रॉलीच्या पाठीला लावलेली तांबडी परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली किंवा उसाच्या पाचटाखाली झाकलेली. ट्रॅक्टरवाला खाली उतरतो, कडेचे चार दगड उचलून रस्त्यावर मांडतो, त्यांत बाभळीची एक हिरवी फांदी खोवतो, आणि मोबाइलची विजेरी हलवीत उभा राहतो. हीच त्याची धोक्याची निशाणी. त्याच्या बुद्धीला दोष देता येत नाही, कारण त्याच्या हाती दुसरे काही दिलेलेच नाही. उलट फांदी मागे ठेवावी, हे त्याला कोणी न शिकवता सुचलेले असते. परंतु ती फांदी गाडीच्या उजेडात उशिरा दिसते, आणि काम उरकल्यावर ते दगड तसेच राहून गेले, तर पहाटे दुचाकीवरून दूध घेऊन निघालेल्या माणसाच्या जिवावर उठतात. सहकारी साखर कारखान्यांनी व परिवहन विभागाने ट्रॉल्यांना पट्ट्या लावण्याच्या मोहिमा काढल्या आहेत, त्या स्तुत्यच आहेत. त्याच्या जोडीला प्रत्येक ट्रॅक्टरवर एक परावर्तक त्रिकोण आणि बॅटरीवर चालणारा एक पिवळा लुकलुकता दिवा दिला, तर त्याचा खर्च एका खेपेच्या उसाच्या मोलापेक्षा अधिक होणार नाही.

दिव्याची आणि आवाजाची पत टिकविणे, हेही एक काम आहे. लग्नाच्या वरातीत, पुढाऱ्यांच्या ताफ्यात, खासगी गाड्यांवर बसवलेले बहुसुरी भोंगे बेकायदा आहेत. केंद्रीय नियमावलीच्या ११९व्या नियमाने असे भोंगे रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस व अशाच काही ठरावीक वाहनांपुरते राखले आहेत. तरीही ते सर्रास वाजतात. रिकामी परतणारी रुग्णवाहिका सायरन लावून धावते, तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस ते पाहतो आणि लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी खरा रुग्ण आत तळमळत असताना तोच माणूस आपली दुचाकी बाजूस घेण्याची घाई करीत नाही. २०२१ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी नाशिकच्या एका समारंभात सायरनऐवजी आकाशवाणीच्या सुरावटीसारखा श्रुतिमधुर ध्वनी वापरण्याची कल्पना मांडली होती. कर्कश आवाजाचा लोकांना होणारा जाच ध्यानात घेता त्यामागची भावना समजण्याजोगी आहे; परंतु सायरनचे काम कानाला सुखविण्याचे नसून झोपेतल्या कानाला जागे करण्याचे आहे, असे मला वाटते. जाच कमी करण्याचा खरा उपाय, जेथे त्याची गरज नाही तेथे तो बंद करणे, हाच होय. आणि घटनास्थळ ही अशी पहिली जागा.

आता वाचकांस विनंती एवढीच, की रात्री महामार्गावर पुढे लुकलुकते दिवे दिसले आणि ते आपल्याकडे येत नसून एका जागी स्थिर आहेत असे वाटले, तर लगेच वेग उतरवावा, दूरचा झोत खाली करावा, शक्य तर एक मार्गिका सोडून जावे, आणि केवळ काय झाले ते पाहण्यासाठी गाडी थांबवू नये. मदत करण्याची इच्छा असेल तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, अपघाताच्या पुढे न्यावी, आपले चारही दर्शक दिवे लावावेत, डिकीतला तांबडा त्रिकोण मागे दूरवर मांडावा, आणि मग १०८ किंवा ११२ ला, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला इतल्ला द्यावी. जखमीला मदत करणाऱ्यास पोलीस-कचेरीच्या फेऱ्यांत अडकविता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने तसे संरक्षण दिलेले आहे. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीला, नगरपंचायतीला किंवा कारखान्याला शंकू, चमकती जाकिटे आणि पिवळे दिवे यांची एक पेटी रस्त्यालगतच्या ठरावीक जागी ठेवण्यास सांगावे, आणि येत्या गाळपापूर्वी ती ठेवली गेली की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.